निवड एका दिवसाची, निगा दहा वर्षांची

माणदेशातल्या म्हसवडात राहून मी सर्व्हर सांभाळते. माझे ग्राहक मोठे नाहीत. काही दूध संकलन केंद्रं, दिघंची-आटपाडीकडचे डाळिंबाचे व्यापारी, एक पतसंस्था, खत-औषधांचं एक घाऊक दुकान आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी परराज्यात गेलेली, पण हिशेब गावाकडून बघणारी काही घरं. यांची बिलं, पट्ट्या, ठेवींची खाती वेबवर चालतात. सर्व्हर कुठला घ्यायचा, हे सगळे विचारतात. घेतल्यावर त्याचं रोज काय करावं लागतं, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून एका साध्या कामाच्या दिवसाची ही नोंद.

पहाटे सव्वापाच

दूध घालायला माणसं यायच्या आत डेअरीचा सर्व्हर तपासलेला बरा असतो. सकाळच्या संकलनात फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजून झालं की लगेच लिटर आणि दर यांचा मेसेज शेतकऱ्याला जातो. तो गेला नाही तर काट्यापाशी वाद सुरू होतो. त्यामुळे पहिला चहा व्हायच्या आधी मी रात्रीचा अहवाल उघडते.

अहवालात सगळ्यात वर बॅकअप असतो. बॅकअप झाला की नाही, एवढं बघून भागत नाही. त्याचा आकार कालच्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा आहे का, हेही बघावं लागतं. धंद्याची माहिती रोज वाढते. मग बॅकअप अचानक निम्मा झाला, तर अहवालात ‘यशस्वी’ असं लिहिलेलं असलं तरी काहीतरी सुटलेलं आहे. फसलेला बॅकअप निदान ओरडून सांगतो, अर्धवट बॅकअप गप्प राहतो. म्हणून आकाराचा रकाना मी पहिल्यांदा वाचते. आज सगळे आकार जागेवर आहेत.

खाली लॉगिनच्या नोंदी. इंटरनेटवर सर्व्हर उभा केला की थोड्याच वेळात जगाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून कोणीतरी त्याचं दार चाचपायला लागतं. ही माणसं नसतात, यंत्रंच असतात. नावं ठरलेली: रूट, ॲडमिन, टेस्ट, पोस्टग्रेस, ओरॅकल. एकामागून एक नाव, प्रत्येकाला दहा-वीस पासवर्ड. माझ्या कुठल्याही सर्व्हरवर पासवर्ड टाकून आत जाताच येत नाही. आमच्या संगणकावर ठेवलेली डिजिटल किल्लीच लागते. त्यामुळे या याद्या वाचून धडकी भरत नाही. पण वाचते मात्र रोज, कारण एखाद्या दिवशी त्यात आपल्याच कामगाराचं खरं नाव दिसलं, तर ते नाव बाहेर कुठून गेलं हे त्याच दिवशी शोधावं लागतं.

पावणेसात

एका डेअरीच्या सर्व्हरची डिस्क ९१ टक्के भरली आहे. परवा ती ७० वर होती. दूध वाढलं म्हणून दोन दिवसांत एवढी जागा जात नाही. कुठला फोल्डर फुगला ते बघत गेले, तर लॉगचा. मेसेज पाठवणारा प्रोग्राम एकच चूक सेकंदाला कितीतरी वेळा लिहीत होता. आपल्याकडे व्यापारी मेसेजचा मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्या साच्याशी अक्षराला अक्षर जुळावा लागतो. डेअरीच्या सचिवांनी परवा एका मेसेजमध्ये दराच्या पुढे ‘रु.’ लिहिलं होतं. तेवढ्यानं मेसेज परत यायला लागले आणि प्रोग्राम ते पुन्हा पुन्हा पाठवत राहिला.

मजकूर पूर्ववत केला, फेऱ्यांना मर्यादा घातली. आता उरला तो लॉगचा ढीग. पटकन पुसून टाकावा असं कोणालाही वाटेल. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणून ते दाबून लहान केले आणि दुसऱ्या डिस्कवर हलवले. डिस्क ६४ टक्क्यांवर आली. सचिवांना फोन करून सांगितलं, ‘दादा, इथून पुढं मेसेजचा शब्द बदलायचा झाला तर आदल्या दिवशी मला कळवा.’

डिस्क भरणं हे सर्व्हर बंद पडण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण आहे. ती शंभरावर गेली की डेटाबेस लिहायचं थांबतो, आणि नेमकं ते गर्दीच्या वेळी होतं, कारण लिखाण तेव्हाच जास्त असतं.

साडेनऊ

आता पॅच, म्हणजे प्रोग्राममधल्या फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या. प्रत्येक ग्राहकाच्या सर्व्हरची एक जुळी प्रत आमच्याकडे असते. नवा पॅच आधी तिच्यावर लागतो. तिथं एक बिल, एक पावती, एक अहवाल काढून बघायचा आणि मगच खऱ्या सर्व्हरला हात लावायचा. गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी तर कुठल्याच सर्व्हरवर काही बदलायचं नाही, हा आमचा नियम आहे.

पॅच लावायची घाई करावी की थांबावं, यावर दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले विंडोज संगणक कुलूपबंद केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही त्यांना फटका बसला. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सगळीकडे असणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या ताज्या आवृत्तीतच कोणीतरी चोरदरवाजा घालून ठेवल्याचं उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदानं उशिरा होतंय, हे खटकलं आणि त्यानं माग काढला. ती ताजी आवृत्ती डेबियन या लिनक्स प्रणालीच्या चाचणीतल्या शाखांपर्यंत पोचली होती. स्थिर शाखा वापरणारे मात्र सुरक्षित राहिले.

या दोन दाखल्यांतून मी माझा नियम बनवला आहे. सुरक्षेचा पॅच लवकर, नवी आवृत्ती सावकाश. धंद्याच्या सर्व्हरवर जे जुनं आणि मुरलेलं आहे तेच ठेवायचं आणि त्याच्या फटी मात्र वेळच्या वेळी बुजवायच्या. याच नियमावर पुढं सर्व्हरची निवडही ठरते.

साडेदहा

दिघंचीला निघाले. आधी गावातल्या माणदेशी महिला सहकारी बँकेत थोडं काम होतं. ही बँक १९९७ साली म्हसवडात उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण अर्ज करणाऱ्या बायकांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी २०१८ च्या एका जाहीर भाषणात सांगितलेला एक प्रसंग माझ्या कामाचा आहे. बँक कार्डाला पिन देऊ करत होती, तेव्हा बायकाच म्हणाल्या की पिन दुसऱ्याला कळू शकतो, त्यापेक्षा अंगठा ठेवा.

तंत्र कुठलं घ्यायचं हे वापरणाऱ्याच्या घरातल्या अडचणींवरून ठरलं पाहिजे. ते त्या बायकांनी ठरवलं. सर्व्हरच्या बाबतीतही मी तेच करायला बघते.

अकरा

डाळिंबाचे व्यापारी असलेल्या अण्णांकडे बैठक. अण्णा स्वतः, हिशेब बघणारी त्यांची सून आणि फोनवर हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या. आतापर्यंत त्यांचा प्रोग्राम दुकानातल्याच एका संगणकावर चालत होता. आता त्यांना शेतकऱ्याची पट्टी मोबाईलवर द्यायची आहे. म्हणजे कॅरेट किती आली, भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती कापली, उचल किती वळती केली, हे सगळं शेतकऱ्याला घरबसल्या दिसावं.

अण्णांनी थेट सांगितलं, ‘ताई, सगळ्यात फास्ट कुठला आसंल त्यो टाका. पैशाचं बघू आपण.’

मी म्हटलं, ‘अण्णा, हंगामात तुमच्या दिवसाला जास्तीत जास्त किती पट्ट्या होतात?’ सुनेनं आकडा सांगितला. तेवढ्या कामाला दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर पुरून उरतो. वेगाचा प्रश्न तिथंच मिटला. मग मी चार प्रश्न कागदावर लिहिले. कोणीही धंद्यासाठी सर्व्हर घेताना हे चार प्रश्न विचारावेत असं मला मनापासून वाटतं.

पहिला: तुमचा प्रोग्राम कशावर चालतो? टॅलीसारखा प्रोग्राम विंडोजवरच चालतो, तर त्याला विंडोज सर्व्हरच लागणार. तिथं लिनक्सचा आग्रह धरून उपयोग नाही. अण्णांचा नवा प्रोग्राम वेबचा आहे, पोस्टग्रेस डेटाबेस वापरतो, तेव्हा लिनक्सवर उत्तम चालेल आणि परवान्याचा खर्च वाचेल.

दुसरा: सुरक्षेचे पॅच कधीपर्यंत मिळणार? प्रत्येक प्रणालीला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत, उबुंटू २४.०४ ला साधारण २०२९ पर्यंत, अल्मालिनक्स ९ ला मे २०३२ पर्यंत. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत जानेवारी २०२७ ची. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, आणि हाच खरा धोका आहे. तो चालत राहतो, दिसायला सगळं ठीक असतं, फक्त नव्या फटी बुजवणारा कोणी उरलेला नसतो.

तिसरा: बिघडलं तर इथल्या कोणाला येतं? पुतण्यानं इथं मुद्दा काढला. त्यांच्या कंपनीत सगळं कंटेनरमध्ये आणि अनेक मशिनं एकत्र हाकणाऱ्या कुबरनेटिसवर चालतं, तसंच इथंही करावं असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, ‘तुमच्याकडं शेकडो मशिनं आहेत, ती बघायला चोवीस तास माणसं आहेत. तिथं ते बरोबरच आहे. इथं एक मशिन आहे. रात्री दोन वाजता ते अडलं तर दिघंची-म्हसवडातल्या माणसाला ते उलगडलं पाहिजे.’ त्याला पटलं. पुढं त्यानंच विचारलं, की मग दुसरं माणूस कोण तयार करताय? हा प्रश्न फार योग्य होता. दुपारच्या नोंदीत त्याचं उत्तर येईल.

चौथा: सोडून जायचं झालं तर आपली माहिती घेऊन जाता येते का? लग्नाआधी घटस्फोटाचं बोलू नये म्हणतात, पण सर्व्हरच्या करारात ते आधीच बोलावं. सगळा डेटाबेस साध्या, कुठंही उघडता येणाऱ्या स्वरूपात दर आठवड्याला अण्णांच्या दुकानातल्या डिस्कवर उतरेल, असं मी लिहून दिलं. उद्या मी नसले किंवा माझं काम आवडलं नाही, तरी त्यांचा हिशेब अडणार नाही.

अण्णांना खरी काळजी वेगळीच होती. ‘पर मशिन मुंबईत ठेवायचं म्हंजी तिथं आपलं कोन बघनार?’ मी समजावलं. आपल्या जवळ मोठी डेटा सेंटर आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉननं २०१६ मध्ये आणि गुगलनं २०१७ मध्ये मुंबईत सेवा सुरू केल्या. वीज, थंडावा, पहारा हे त्यांच्याकडं आपल्यापेक्षा चांगलं असतं. माणदेशाच्या उन्हाळ्यात दुकानाच्या माळ्यावर सर्व्हर ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. पण मशिन त्यांचं असलं तरी त्यावरच्या प्रणालीची, पॅचची, बॅकअपची जबाबदारी आपलीच राहते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी कित्येकांचं सगळं गेलं. म्हणून अण्णांचा सर्व्हर मुंबईत, एक प्रत हैदराबादला आणि एक दुकानात.

निघताना अण्णा म्हणाले, ‘म्हंजी घेन्यापरीस सांभाळन्याचंच काम मोठं की.’ मी म्हटलं, आपला राजेवाडीचा तलाव बघा. ब्रिटिशांच्या काळात बांधला, पण आजही त्याचं पाणी शेताला पोचतं ते दरवर्षी कोणीतरी दारं आणि पाट बघतं म्हणून. अण्णांनी मान हलवली आणि सुनेला सांगितलं, ‘महिन्याचं देखभालीचं पैसं खर्चात धर, बिनचूक.’

दीड

घरी येईपर्यंत वीज गेलेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालू आहे. फायबर बंद पडलं तर मोबाईलचं नेट आहे. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाच्या वेळी गावात एवढी माणसं येतात की मोबाईलचं नेटही तोकडं पडतं. त्या दिवसांत कुठलंही मोठं काम मी धरत नाही. ग्राहकांचे सर्व्हर माझ्या घरच्या विजेवर अवलंबून नाहीत, ही त्यातली समाधानाची गोष्ट. सांभाळणारा गावात असावा, पण सेवेनं गावातल्या विजेची वाट बघू नये.

तीन

माझ्याकडे देवापूरची एक मुलगी शिकायला येते. विज्ञानाची पदवी घेतली आहे, लग्न ठरेपर्यंत घरी बस म्हणणाऱ्यांना नाही म्हणून इथं आली. आज तिचं काम आहे पतसंस्थेचा बॅकअप रिस्टोर करायचं. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं असं नाही. तो परत उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप आहे असं मी धरत नाही.

तिनं कोऱ्या मशिनवर पोस्टग्रेस चढवला, काल रात्रीची फाईल उतरवली, रिस्टोर चालू केला आणि घड्याळ लावलं. किती मिनिटं लागली हे लिहून ठेवायचं असतं, कारण खरी वेळ आली की पतसंस्थेचे व्यवस्थापक पहिला प्रश्न तोच विचारतील. मग तिनं तीन गोष्टी जुळवल्या: शेवटच्या पावतीचा नंबर, एकूण ठेवींची बेरीज आणि खातेदारांची संख्या. तिन्ही आकडे कालच्या दिवसअखेरच्या कागदाशी जुळले. मी तिला आणखी एक करायला सांगितलं, मराठी नावं उघडून बघ. ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘र्‍हाटे’ यांसारख्या नावांतली जोडाक्षरं नीट आली तर अक्षरांची साठवण बरोबर आहे. बेरीज जुळते आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, असंही होऊ शकतं. नावंही नीट आली.

मग तिनं विचारलं, ‘ताई, एवढ्या छोट्या पतसंस्थेवर कोण कशाला हल्ला करील?’ मी तिला दोन घटना सांगितल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएमच्या यंत्रणेत घुसून चोरट्यांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले. त्यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांनी. आणि जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांची यूपीआय आणि एटीएम सेवा ठप्प झाली, कारण त्या सगळ्यांना सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला होता. लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्या कंपनीला तात्पुरतं वेगळं पाडलं. त्या ३०० बँकांचा स्वतःचा काही दोष नव्हता. लहान असणं हे संरक्षण नाही, कारण लहान माणसंही मोठ्यांच्याच वाटांनी जातात. म्हणून सेवा देणारा कोण, त्याचे पॅच कोण बघतं, हे विचारायचा हक्क म्हसवडच्या खातेदारालाही आहे.

तिनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. सकाळी पुतण्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ही मुलगी आहे.

पाच

कागदपत्रांचा तास. एका तक्त्यात प्रत्येक ग्राहकाची डोमेनची मुदत, प्रमाणपत्राची मुदत, प्रणालीची मुदत आणि डिस्कचं वय लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दाखवणारी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतात. ती ९० दिवसांची असतात. मार्च २०२९ पासून तर कोणाचंच प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही असं ठरलं आहे. म्हणजे हाताने नूतनीकरण करणं आता बाद. ते आपोआप होतंय का, हे बघणं हे आपलं काम.

मग घड्याळं. सर्ट-इनच्या त्याच आदेशात सर्व्हरची घड्याळं राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. हल्ला झाला तर सहा तासांच्या आत कळवायचं असतं, आणि दोन सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच सांगता येत नाही. सगळी घड्याळं जुळलेली आहेत.

साडेसहा

कोइमतूरहून एका गलाईवाल्या दादांचा फोन. विटा-आटपाडी-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. यांचं दुकान तिकडं, मुलं तिकडं, पण हिशेब लिहिणारा भाऊ इकडं. ‘ताई, दोन दिवस झालं, खातं उघडाय लई येळ लागतोय. मोठा सर्व्हर घेऊ का?’

मोठा सर्व्हर घेणं सोपं आणि बहुतेक वेळा अनावश्यक असतं. मी डेटाबेसला विचारलं की तो वेळ कुठं घालवतो. एका गिऱ्हाईकाचं खातं काढायला तो सगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत होता. गिऱ्हाईक क्रमांकावर अनुक्रमणिका नव्हती. ती तयार केली. सहा-सात सेकंदांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला लागलं. दादांना सांगितलं, सर्व्हर आहे तोच पुरेल, भाडं वाढवू नका. ग्राहकाचा पैसा वाचवणं हा देखभालीचाच भाग आहे.

रात्री साडेनऊ

आजचं मोठं काम. खत-औषधांच्या घाऊक दुकानाचा सर्व्हर बदलायचा आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा सेंटओएस ७ वर होता. त्याचे पॅच ३० जून २०२४ लाच संपले होते आणि आधीचा ठेकेदार केव्हाच काम सोडून गेला होता.

सेंटओएसची गोष्ट प्रत्येक व्यापाऱ्यानं ऐकावी अशी आहे. रेड हॅटच्या महाग प्रणालीची ही फुकट प्रत जगभर लाखो सर्व्हरवर होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत पॅच मिळतील असं लोक धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. सात वर्षांहून जास्त काळ एका निर्णयात गेला. त्यातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले. मी तेव्हापासून निवडताना कागदावरची मुदत बघते आणि त्याबरोबर ती मुदत कोण पाळणार आहे, तेही बघते. या दुकानाच्या प्रोग्रामचे निर्माते फक्त रेड हॅटच्या कुळातल्या प्रणालीवरच मदत देतात, म्हणून डेबियन माझ्या हाताला सोयीचं असूनही अल्मालिनक्स ९ घेतलं. ते एका ना-नफा संस्थेच्या हातात आहे आणि त्याला २०३२ पर्यंत अवकाश आहे.

काम क्रमानं. दुकानाच्या नावाचा पत्ता नव्या सर्व्हरकडे लवकर वळावा म्हणून तो पत्ता इतर संगणकांनी लक्षात ठेवायची मुदत दोन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवली होती. साडेनऊला जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवला, बिलं बंद. शेवटची प्रत काढली, नव्यावर चढवली. जुळणी त्या मुलीनं फोनवरून केली: शेवटचं बिल, गोदामातला माल, गिऱ्हाइकांकडची येणेबाकी. एकेक आकडा ती वाचत होती, मी इकडं बघत होते. तिन्ही जुळले. पत्ता वळवला. जुना सर्व्हर पुसला नाही. बाहेरून त्याच्याकडे यायची वाट बंद केली आणि महिनाभर तसाच ठेवायचं ठरवलं.

बारा दहा

झोपण्याआधी एक बिल मुद्दाम मध्यरात्र उलटल्यावर काढायचं असतं. सर्व्हर बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर येतात. आपण साडेपाच तास पुढं. वेळ नीट लावलेली नसेल तर आपल्या रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या बिलांवर आदल्या दिवसाची तारीख येते. महिनाअखेरीला असं एक बिल चुकीच्या महिन्यात गेलं की जीएसटीच्या विवरणात गोंधळ. चाचणीचं बिल काढलं, नवी तारीख आली, बिल रद्द केलं आणि त्याची नोंद केली.

शेवटचं काम म्हणजे या दुकानाची वही पूर्ण करणं. सर्व्हर कुठं आहे, मुदत कधी संपते, बॅकअप कुठं, रिस्टोरला किती वेळ, प्रोग्रामच्या निर्मात्यांचा फोन, आणि आज काय केलं. ही वही नवख्या माणसाला वाचून काम करता आलं पाहिजे. ती वाचणारं माणूस आता ठरलेलं आहे. पुढच्या महिन्यापासून या दुकानाचे पॅच देवापूरची ती मुलगी लावेल, किल्ली तिच्या नावानं आजच तयार केली आहे. दुकानाच्या मालकांनाही सांगून ठेवलं आहे की फोन तिला करायचा, आणि देखभालीच्या पैशातला तिचा वाटा तिच्या खात्यावर जाईल. तालुक्यात सर्व्हर सांभाळणारी दोन माणसं झाली. २०३२ पर्यंत या दुकानाला जे वचन दिलं आहे ते एकट्या माणसाच्या भरवशावर देता येत नव्हतं, आता देता येतं.